मास्तरांचा दुसरा टेक

१

कानसाहेब स्टुडिओत दहाला पोचत. नऊ पंचावन्नला नाही आणि दहा पाचलाही नाही. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली होती, पण घड्याळ तेच होतं. कोट खुंटीला, चष्मा नाकावर, मग स्पिरिटची बाटली आणि कापूस. जुन्या टेप मशीनचे हेड, म्हणजे टेप जिथून घासत जाते ते तुकडे, पुसायचे. पहिला बोळा तपकिरी निघतो, दुसरा पिवळट, तिसरा पांढरा. तिसरा पांढरा निघाल्याशिवाय मशीन चालू करायचं नाही. हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. शाळा सातवीत सुटली ती सुटलीच. पुढचं सगळं ऐकून ऐकून आलं.

कानसाहेब हे नाव मास्तरांनी ठेवलेलं. मास्तर म्हणजे ट्रम्पेट वाजवणारे. पाच जणांची मंडळी होती त्यांची: ट्रम्पेट, सॅक्सोफोन, पियानो, उभा बास आणि ड्रम. बेचाळीस वर्षांपूर्वी एका दुपारी याच स्टुडिओत त्या पाच जणांनी सहा धुना वाजवल्या. कंपनीने त्याची तबकडी काढली. ज्याच्या घरी जॅझचं म्हणून काही आहे, त्याच्या घरी ती तबकडी आहेच. कव्हरच्या मागे बारीक अक्षरात रेकॉर्डिस्टचं खरं नाव छापलेलं आहे. ते कोणी वाचत नाही.

कंपनी बंद पडली. मूळ टेपा मास्तरांच्या मुलीकडे आल्या. ती नर्स आहे. टेपा कुजायच्या आत कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायच्या असं तिच्या मनात आलं, आणि ती त्या छातीशी धरून स्टुडिओत घेऊन आली.

"काका, डबे उघडले पण नाहीत मी. हात लावायचीच भीती वाटते."

"लावूच नकोस. घामाचा हात लागला की टेप बिघडते."

"घाम कुठला? दिवसातून चाळीस वेळा हात धुते मी."

"मग साबण लागेल."

ती हसली. हसताना मान एका बाजूला जायची. मास्तरांचीही जायची.

स्टुडिओ आता धाकट्या मालकांकडे होता. तिथे जाहिराती होत. मोठ्या खोलीत स्पंज लावून एक कपाटाएवढा कोनाडा केला होता, त्यात उभं राहून लोक साबणाबद्दल आणि टायरबद्दल बोलत. बाकी मोठी खोली रिकामी आणि अंधारी. कंट्रोल रूम आणि ती खोली यांच्यामध्ये जाड काच, तीच जुनी. याच कंट्रोल रूममधलं टेप मशीन कानसाहेबांसाठी ठेवलेलं होतं. धाकटे मालक म्हणत, "कानसाहेब आहेत तोवर मशीन आहे." हे प्रेमाने म्हणत की हिशोबाने, ते कानसाहेबांनी कधी विचारलं नाही.

पहिल्या दोन दिवसांत पहिलं रीळ उतरलं. तीन धुना तबकडीच्या एका बाजूच्या, दोन दुसऱ्या. सगळं ठाकठीक. सहावी धून वेगळ्या रिळावर होती आणि त्या रिळाखाली एक लहान पत्र्याचा डबा होता. डब्यावर कानसाहेबांचंच अक्षर होतं. 'अपूर्ण. वापरू नये.'

कानसाहेब खुर्चीत मागे टेकले. रिळावरून कापून वेगळी काढलेली ही टेप टाकून दिली असेल असंच ते इतकी वर्षं धरून चालले होते.

त्यांनी ती मशीनवर चढवली. हातात स्टॉपवॉच घेतलं. ही टेप कुठे संपते ते त्यांना झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. सहा मिनिटं अकरा सेकंद.

धून सुरू झाली. आधी बास, मग ड्रमवर तारांच्या ब्रशचा फराटा, मग मास्तर. सहा मिनिटं अकरा सेकंदांनी टेपचं शेपूट सुटलं आणि भरलेल्या रिळाबरोबर गोल गोल फिरत फटफट आपटू लागलं.

त्यानंतर मास्तरांनी आणखी तीन सेकंद वाजवलं.

२

त्या दुपारचं आधी सांगायला हवं.

सहावी धून राहिली होती. मशीनवरच्या रिळात थोडी टेप शिल्लक होती. नवं रीळ चढवायला दोन मिनिटं लागतात. पण मास्तर रंगात आले होते. काचेपलीकडून म्हणाले, "कानसाहेब, थांबायला लावू नका. आता थांबलो तर जमलेलं सगळं जाईल. टेप पुरेल ना?"

उरलेली टेप मोजायची कानसाहेबांची पद्धत होती. रिळावर टेपच्या थराची जाडी बोटांनी मापायची. दोन बोटं म्हणजे आठ मिनिटं. कधी चुकलं नव्हतं. त्यांनी बोटं लावली. दोन भरली.

"पुरेल," ते म्हणाले.

ते रीळ दुसऱ्या जातीचं होतं. त्याच्या पोटातली चकती लहान होती. लहान चकतीभोवती गुंडाळलेली दोन बोटं टेप मोठ्या चकतीएवढी भरत नाही. हे कानसाहेबांना ठाऊक होतं. नुसतं ठाऊक नव्हतं, नव्या लोकांना ते हेच शिकवत. आणि त्या दिवशी त्यांनी चकतीकडे पाहिलंच नाही.

मास्तर डोळे मिटून वर वर चढत होते. अशी चढण त्यांनी आधी कधी घेतली नव्हती. अन् इकडे टेपचं शेपूट सुटलं. कानसाहेब दुसरं रीळ शोधत राहिले, डबे पाडत राहिले. आत मास्तरांनी धून पुरी केली. पुढे काय वाजलं, कसं वाजलं, कानसाहेबांना आठवत नाही. कान उघडे होते, पण ऐकू काही आलं नाही.

शेवटचा सूर थांबायला आणि कंपनीचे मोठे साहेब दारातून आत यायला एकच गाठ पडली. साहेब नियमाचे पक्के. मागच्याच महिन्यात त्यांनी एका रेकॉर्डिस्टला याहून लहान चुकीसाठी घरी पाठवलं होतं. आणि कानसाहेबांच्या घरी तेव्हा तीन महिन्यांची मुलगी होती.

"झालं का?" साहेबांनी विचारलं.

काचेपलीकडून मास्तरांनी आधी कानसाहेबांचा चेहरा पाहिला. मग लोंबणारं टेपचं शेपूट पाहिलं. मग ते माइकपाशी आले.

"नाही झालं, साहेब. माझी चूक. शेवटी सूर फाटला. परत घेऊ."

"तुमचे ओठ गेले वाटतं आता, मास्तर."

"असेल तसंही."

दुसऱ्या टेकला मास्तरांचा ओठ फुटला. तरी त्यांनी पुरं वाजवलं. तेच तबकडीवर आहे. साहेबांनी मात्र ओठांची गोष्ट डोक्यात ठेवली आणि मास्तरांना दुसऱ्या तबकडीसाठी कधी बोलावलं नाही. पुढच्या वर्षी मास्तर गेले. कानसाहेबांची नोकरी राहिली. मुलगी शिकली, तिचं घर झालं, स्वतःचं छप्पर झालं. त्या छपराखाली बसून चहा पिताना कानसाहेबांना रोज एकदा तरी आठवायचं, की आपण मास्तरांना साधं 'उपकार झाले' एवढंही म्हणालो नाही. आधी लाज वाटली म्हणून, नंतर मास्तर नव्हते म्हणून.

३

तीन सेकंद. कानसाहेब भुताखेताचा माणूस नव्हते. त्यांनी हिशेब मांडला.

टेप वर्षानुवर्षं गुंडाळलेली राहिली की एका थराचा ठसा दुसऱ्या थरावर उमटतो. मग मागून बारीक पडसाद येतो. पण त्यालाही टेप हेडवर असावी लागते. टेप तर सुटून आपटत होती. मग स्पीकर? जुन्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये थोडी वीज साठून राहते. ती घरघर करते, ट्रम्पेट वाजवत नाही. मग उरले कान. डॉक्टरांनी डाव्या कानाचं सांगितलंच होतं. ऐकू कमी येईल म्हणाले होते. जास्त येईल असं काही म्हणाले नव्हते.

दुसऱ्या दिवशी हेड तीन बोळ्यांनी पुसून त्यांनी टेप परत लावली. सहा अकराला शेपूट सुटलं. त्यांनी ताबडतोब मशीन बंद केलं. दोन्ही रिळं थांबली.

मास्तर वाजवतच होते.

कानसाहेबांनी आवाज दाखवणाऱ्या मीटरकडे पाहिलं. काट्यांनी शून्यावर पडून राहायला हवं होतं. काटे हलत होते. सुरावर वर जात होते, श्वासाला खाली येत होते. सोळा सेकंद. मग काटे पडले आणि खोली इतकी शांत झाली की त्यांना हातातल्या स्टॉपवॉचची टिकटिक ऐकू आली.

कॉम्प्युटरवर उतरलेलं त्यांनी वाजवून पाहिलं. तिथे सहा अकरानंतर काही नव्हतं. म्हणजे ते टेपवर नव्हतं आणि कॉम्प्युटरवरही नव्हतं. फक्त या खोलीत होतं.

कान वाजले, असं त्यांनी ठरवलं. ठरवून ते हात धुवायला बाहेर आले. धाकटे मालक टेबलावर पाय टाकून फोनवर बोलत होते. फोनवर हात धरून म्हणाले, "कानसाहेब, टेप संपल्यावर ते जे वाजलं ना, तेवढं चांगलं होतं बुवा. आधीचं नाही कळलं मला. पण शेवटचं अंगावर आलं."

"टेप संपल्यावर?"

"ते फटफट झालं की. त्यानंतर."

कानसाहेबांनी हात धुतले. दोनदा धुतले.

४

भीती वाटायला हवी होती. वाटली तेही खरं. पण घरी जाताना त्यांच्या लक्षात आलं की आपण गुणगुणतोय. बेचाळीस वर्षं जे हरवलं होतं ते थोडं थोडं परत मिळत होतं, आणि देणारे मास्तरच होते. आधी नोकरी वाचवली, आता हे. कुणी कुणासाठी एवढं करतं का?

बायकोने दार उघडलं. "कानसाहेब, चार वेळा बेल वाजवलीत. मी पहिल्याच वेळी ऐकली होती. हात पिठात होते."

"मी एकदाच वाजवली."

"मग तुम्हाला तीन वेळा कमी ऐकू आलं." तिने त्यांच्याकडे नीट पाहिलं. "काय झालंय? खूश दिसताय. तब्येत बरी आहे ना?"

"खूश दिसलो की तब्येत बिघडलेली असते का?"

"तुमची असते."

तिसऱ्या दिवशी सूर एकेचाळीस सेकंद चालले. मास्तर चढणीवर होते. एकेका पायरीवर थांबत होते, मागे वळून पाहिल्यासारखे खाली उतरत होते, आणि पुन्हा दोन पायऱ्या वर. कानसाहेब रडले. रडले तेही ताठ बसून.

मग त्यांनी कामाला हात घातला. दुसऱ्या टेकचं रीळ चढवलं. तबकडीवर आलेला तो हाच. कव्हरवर वेळ छापलेली होती, सात मिनिटं वीस सेकंद. कानसाहेबांनी स्टॉपवॉच लावलं, ते केवळ सवयीने.

धून सहा एकोणचाळीसला संपली.

संपली म्हणजे थांबली नाही. तुटली. मास्तर सुरात असताना तुटली. पुढे कोरी टेप सरकत राहिली.

कानसाहेबांनी आकडेमोड केली. शाळा सातवीपर्यंतची असली तरी सात वीसमधून सहा एकोणचाळीस वजा करायला ती पुरे होती. एकेचाळीस सेकंद.

५

घरी आल्या आल्या त्यांनी कपाटातून स्वतःची तबकडी काढली. ती खिडकीपाशी उजेडात तिरपी धरली. तबकडीवर दाट रेघा असतात आणि मधल्या लेबलाजवळ थोडी गुळगुळीत पट्टी. ती पट्टी रुंद झाली होती. काळी, चकचकीत, कोरी. तिच्यात त्यांना स्वतःचा चेहरा दिसला.

"घासलीत की काय?" बायको म्हणाली.

"घासून रेघा जात नाहीत."

"मग कुठे गेल्या?"

याचं उत्तर त्यांच्याजवळ होतं. ते एकेचाळीस सेकंद त्यांनी स्वतःच स्टुडिओत ऐकले होते.

आता खरं ते सांगितलं पाहिजे. सगळं कळल्यावरही कानसाहेब दुसऱ्या दिवशी दहाला स्टुडिओत गेले आणि त्यांनी तीच टेप लावली. एकदाच, असं मनाशी म्हणाले. दारूडाही तेच म्हणतो. सहा अकराला शेपूट सुटलं तसं त्यांनी मशीनची वायर भिंतीतून उपटली. मीटरचे दिवे विझले. काळोख्या मीटरांत काटे हलत राहिले.

एक मिनिट पाच सेकंद. मास्तर अगदी शेवटच्या पायरीखाली आले होते. तिथे ते थांबले आणि त्यांनी मोठा श्वास घेतला. त्या श्वासावर सगळं बंद झालं.

उद्या, कानसाहेबांना वाटलं. उद्या पुरं होईल.

आणि मग त्यांना जाणवलं की तो श्वास स्पीकरमधून आलेला नव्हता. तो काचेच्या बाजूने आला होता. जाड काच, दोन पदरी. तिच्यातून श्वास ऐकू येत नाही. त्यांनी काचेकडे पाहिलं नाही. कोट घेतला, दार लोटलं आणि फोन वाजला.

मास्तरांची मुलगी होती. आवाज पडलेला.

"काका, एक विचारू? वेड्यासारखं वाटेल. बाबांची शेवटची धून आमच्या तबकडीवर मधेच तुटतेय. मला वाटलं सुई खराब झाली. मग मोबाइलवर लावली. तिथेही तुटते. आमच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंकडे तीच तबकडी आहे, त्यांना विचारलं. त्यांच्याकडेही तसंच. आणि त्या म्हणतात, पहिल्यापासून असंच नाही का? काका, असं नव्हतं ना? मी लहानपणापासून तो शेवट ऐकत झोपले आहे. असं नव्हतं."

"नव्हतं," कानसाहेब म्हणाले.

"मग?"

"उद्या ये. दहाला."

६

ती दहाला आली. हेड पुसलेले होते. टेप चढवलेली नव्हती. पत्र्याचा डबा टेबलावर होता.

"हे अक्षर तुमचं ना, काका? 'वापरू नये.' का बरं?"

कानसाहेबांनी सांगितलं. दोन बोटं, लहान चकती, सुटलेलं शेपूट, साहेब, 'माझी चूक'. आपल्या बोलण्याला त्यांनी कुठे मऊ अस्तर लावलं नाही. खाली बघूनही बोलले नाहीत.

"तुझ्या बाबांचा सूर फाटला नव्हता. त्यांच्या ओठांना काही झालं नव्हतं. जे झालं ते माझ्या चुकीमुळे दुसऱ्यांदा वाजवताना झालं. आणि मी गप्प बसलो. साहेब असेपर्यंत भीतीने, नंतर सवयीने."

ती डब्याकडे बघत होती. खुर्ची तिने थोडी मागे सरकवली होती. ते कानसाहेबांनी पाहिलं.

"आईला लोक म्हणायचे," ती म्हणाली, "तुमच्या मालकांचे ओठ लवकर गेले म्हणून. आई भांडायची. बाबा हसायचे."

"हो. असतील हसले."

"तुम्ही एकदा यायला हवं होतं घरी."

"हो."

"एकदा तरी, काका."

"हो."

तिने डोळे पुसले, नर्स पुसते तसे, कोरडे आणि चटकन. मग म्हणाली, "त्या दिवशी बाबा घरी आले, ओठ सुजलेला. मी सहा वर्षांची होते. आईने विचारलं, काय हे? तर म्हणाले, आज एकच धून दोनदा वाजवायला मिळाली. पहिल्यांदा माझ्यासाठी वाजवली, दुसऱ्यांदा दुसऱ्यासाठी. दुसरी जास्त चांगली झाली. आम्हाला काही कळलं नाही. कोणासाठी ते आज कळलं."

कानसाहेबांनी चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता.

मग त्यांनी उरलेलं सांगितलं. टेप संपल्यावर काय वाजतं, किती वाजतं, आणि ते वाढलं की तबकडीवर काय कमी होतं. आपण कळूनही एकदा जास्त ऐकलं, तेही.

तिने हसून उडवून लावलं नाही. तबकडीचा शेवट तिने स्वतः गमावला होता.

"आणखी एकदा लावली तर पहिला टेक पुरा ऐकू येईल?"

"येईल असं वाटतं."

"आणि दुसऱ्याचं काय उरेल?"

"ते मला सांगता येत नाही. जे जाईल ते पुढे कोणाला आठवणारही नाही. डॉक्टरीणबाई आत्ताच विसरल्या आहेत."

"तुम्हाला ऐकायचा आहे का तो शेवट?"

"बेचाळीस वर्षं ऐकायचा आहे." कानसाहेबांनी डब्यावर हात ठेवला. "पण तो मला द्यायला त्यांनी दुसरा वाजवला नव्हता. दुसरा वाजवला तो मला वाचवायला. तोच खाऊन टाकला तर मी कसला माणूस?"

"मग पुसा, काका."

"बाबांचं वाजवणं आहे ते. तुझं आहे. पुन्हा विचार कर."

"बाबांनी सांगितलंय की कुठलं चांगलं झालं ते," ती म्हणाली. "पुसा."

७

टेप पुसायची म्हणजे तिच्यावर शांतता रेकॉर्ड करायची. सगळे माइक बंद ठेवायचे आणि रेकॉर्डचं बटण दाबायचं. पुढे टेप सरकेल तसतसं जुनं जातं आणि कोरं होतं. सहा मिनिटं अकरा सेकंद लागणार होते.

या मशीनला माइक जोडलेले नव्हतेच. तरी कानसाहेबांनी सगळी बटणं शून्यावर आणली. एकेक हाताने तपासली. टेप ओवली. मग ते काचेपलीकडे बोलायच्या माइककडे वाकले. पूर्वी याच माइकवरून ते आतल्या लोकांना सांगत, झालं, छान, किंवा परत घ्या. आत रिकामी अंधारी खोली होती.

"मास्तर," ते म्हणाले. "दुसरा टेक चांगला आला. तोच ठेवतो. तुम्हाला आता वाजवावं लागणार नाही. आणि तेव्हा म्हणालो नाही ते आता म्हणतो. तुमचे फार उपकार आहेत माझ्यावर. माझ्या घरातल्या सगळ्यांवर आहेत."

त्यांनी बटण दाबलं. खोलीच्या दारावरचा लाल दिवा लागला.

पहिलं मिनिट काही झालं नाही. टेप सरकत होती. मुलगी त्यांच्या खुर्चीच्या पाठीला धरून उभी होती. दुसऱ्या मिनिटाला मीटरचे काटे हलले. सगळी बटणं शून्यावर, एकही माइक जोडलेला नाही, आणि काटे हलत होते. स्पीकर मुके होते. आतून काहीतरी टेपवर चढत होतं आणि काय चढत होतं ते इकडे कळत नव्हतं. काटे उसळत नव्हते. हळूहळू वर जाऊन हळूहळू खाली येत होते, एखादा माणूस बोलल्यासारखे. मधेच थांबत. मग पुन्हा.

"थांबवू का?" कानसाहेब पुटपुटले.

"नको," ती म्हणाली. तिची बोटं खुर्चीच्या पाठीवर पांढरी झाली होती. "काका, काचेत बघा."

कानसाहेबांनी पाहिलं. लाल दिव्याचा थोडासा उजेड दाराच्या फटीतून आत पडला होता. त्या उजेडात खोलीच्या मध्यावर, पूर्वी ट्रम्पेटचा माइक असायचा त्या जागी, पाठमोरं काहीतरी वाकलेलं होतं. माणूस खाली ठेवलेल्या पेटीवर वाकतो तेवढं. पितळेवर एकदा उजेड चमकला आणि खाली गेला. मग वाकलेलं सरळ झालं. ते वळेल, असं कानसाहेबांना वाटलं. वळू नये असंही वाटलं. दोन्ही सारख्याच जोरात वाटलं.

मुलीची मान एका बाजूला गेली. ती हसत होती की रडत होती, ते कानसाहेबांनी पाहिलं नाही. त्यांची नजर काचेवर होती आणि काचेत आता त्या दोघांखेरीज काही दिसत नव्हतं.

सहा अकराला शेपूट सुटलं. फटफट आवाज आला. मागून काहीही वाजलं नाही. काटे शून्यावर पडले आणि पडून राहिले.

दोघांनी दुसऱ्या टेकचं रीळ लावलं. स्टॉपवॉच मुलीच्या हातात दिलं. मास्तर चढत गेले, फुटक्या ओठाने, शेवटच्या पायरीवर थोडे अडखळले आणि वर पोचले. शेवटचा सूर थरथरत राहिला आणि नीट, आपण होऊन विझला.

"सात वीस," ती म्हणाली. "पुरं सात वीस." आणि मग तिने खुर्चीच्या पाठीवर कपाळ टेकलं.

कानसाहेबांनी ते उतरवून तिला दिलं. पत्र्याचा डबा तिने हातात घेऊन पाहिला.

"यावर आता काय आहे, काका? आत कोणी बोललं ते?"

"कोरी असेल."

"ऐकायचं?"

"नाही."

तिने डबा परत ठेवला. निघताना दारात थांबून म्हणाली, "रविवारी घरी या. काकूंना घेऊन या. आईला तुम्हीच सांगा सगळं, मी नाही सांगणार."

"ती हाकलून देईल मला."

"देईल. मग चहा करेल."

ती गेल्यावर कानसाहेब लाल दिवा बंद करायला उठले. उठले तसे ते मोठ्या खोलीचं दार उघडून आत गेले आणि वरचा दिवा लावला. धाकट्या मालकांचा राखाडी गालिचा, एका भिंतीला स्पंजचा कोनाडा, बाकी काही नाही. दोन दिवस इथे कोणी पाऊल टाकलं नव्हतं.

खोलीच्या मध्यावर गालिच्यावर तीन-चार ओले ठिपके होते, तळहाताएवढ्या जागेत.

ट्रम्पेट वाजवणाऱ्याच्या श्वासाचं आत पाणी होतं. वाजवून झालं, की तो नळीची बारीक चावी दाबतो आणि फुंकर मारून ते पाणी जमिनीवर सोडतो. मगच ट्रम्पेट पेटीत ठेवतो. पुन्हा वाजवायचं असेल तरी सोडतो, पण घाईने. निघायचं असलं की सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत.

कानसाहेब गुडघ्यावर बसले. एक बोट लावून पाहिलं. पाणी कोमट होतं.

तरुणपणी सगळे गेल्यावर हे ठिपके पुसायचं काम त्यांचंच असे. त्यांनी खिशातून रुमाल काढला, थोडा वेळ हातात धरला आणि तसाच परत ठेवला. मग ते उठून भिंतीला लागून उभे राहिले.

ठिपके वाळायला वीस मिनिटं लागली. कानसाहेब तोवर हलले नाहीत.